रयतेची शाळा : कर्मवीर भाऊराव पाटील आणि ग्रामीण शिक्षणाचा एक वटवृक्ष

महाराष्ट्रातील खेडोपाडी आज जी माध्यमिक विद्यालये दिसतात, त्यांपैकी अनेकांच्या फलकावर वटवृक्षाचे बोधचिन्ह आढळते. हे चिन्ह रयत शिक्षण संस्थेचे. या वटवृक्षाचे बीज पेरणारे कर्मवीर भाऊराव पाटील हे दक्षिण महाराष्ट्रातील एका शेतकरी जैन कुटुंबात जन्मले, ही गोष्ट समाजातील जुन्या पिढीला ठाऊक आहे. नव्या पिढीला मात्र ती पुन्हा सांगणे आवश्यक आहे. केवळ 'आपल्या समाजातील एक थोर पुरुष' म्हणून अभिमान बाळगावा एवढ्यापुरते हे चरित्र नाही. शाळा कोणासाठी असते, ती कोणाच्या पैशाने उभी राहते आणि तिच्यात शिकणाऱ्या गरीब मुलाचा स्वाभिमान कसा राखला जातो, या तीन प्रश्नांची उत्तरे भाऊरावांच्या कार्यात सापडतात. शिक्षणासाठी द्रव्य वेचणाऱ्या प्रत्येक विश्वस्त संस्थेने ती पडताळून पाहावीत अशीच आहेत.

काळाची पार्श्वभूमी

एकोणिसाव्या शतकात इंग्रजी राजवटीत शाळा सुरू झाल्या खऱ्या, परंतु त्या प्रामुख्याने शहरांत व मोठ्या कसब्यांत. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे निवेदन सादर करताना महात्मा जोतीराव फुले यांनी या विसंगतीवर नेमके बोट ठेवले होते. सरकारी तिजोरीत भर पडते ती शेतकऱ्याच्या घामातून. शिक्षणाचा खर्च मात्र होतो तो वरिष्ठ वर्गांच्या उच्च शिक्षणावर. म्हणून खेड्यांतील मुलांना वयाच्या बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, अशी त्यांची मागणी होती. पुढे नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९११ मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले. परंतु ते संमत झाले नाही.

संस्थानांत मात्र काही द्रष्ट्या राजांनी पाऊल पुढे टाकले. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी १८९३ मध्ये अमरेली भागात आणि १९०६ मध्ये संपूर्ण संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. कोल्हापूरचे राजर्षी शाहू महाराज यांनी १९१७ मध्ये सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला. त्याआधीच, विसाव्या शतकाच्या आरंभापासून, त्यांनी कोल्हापुरात निरनिराळ्या समाजांच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे काढण्यास उत्तेजन दिले होते. खेड्यातील मुलाने प्राथमिक शिक्षणानंतर पुढे शिकायचे म्हटले, तर शहरात राहण्याची व दोन वेळच्या जेवणाची सोय हीच त्याची पहिली अडचण होती. महाराजांनी ती अचूक ओळखली होती.

या चळवळीत जैन समाज मागे नव्हता. १८९९ मध्ये दक्षिण महाराष्ट्र जैन सभेची स्थापना झाली आणि त्यानंतर लवकरच कोल्हापुरात दिगंबर जैन बोर्डिंग उभे राहिले. खेड्यापाड्यांतील जैन शेतकऱ्यांच्या पहिल्या शिकलेल्या पिढीतील कितीतरी मुले या बोर्डिंगच्या आधाराने शिकली. त्यांपैकी एक विद्यार्थी भाऊराव पाटील.

कुंभोज ते कोल्हापूर

भाऊराव पायगोंडा पाटील यांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील कुंभोज येथे झाला. बाहुबली क्षेत्रामुळे हे गाव समस्त जैन समाजाला परिचित आहे. त्यांचे घराणे वाळवा तालुक्यातील ऐतवडे बुद्रुकचे. वडील महसूल खात्यात नोकरीस असल्याने त्यांच्या बदल्यांबरोबर भाऊरावांचे बालपण निरनिराळ्या गावी गेले. अस्पृश्य मानल्या गेलेल्यांना विहिरीवर पाणी भरू दिले जात नाही, हे पाहून लहानग्या भाऊरावांनी संतापाने त्या विहिरीचा रहाटच मोडून टाकला, अशी त्यांच्या बालपणीची आठवण सांगितली जाते.

इंग्रजी शिक्षणासाठी ते कोल्हापूरच्या राजाराम हायस्कूलमध्ये दाखल झाले व जैन बोर्डिंगमध्ये राहू लागले. १९०८ मध्ये शाहू महाराजांच्या प्रेरणेने अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी 'मिस क्लार्क बोर्डिंग' सुरू झाले. त्या समारंभाला भाऊराव उपस्थित राहिले. परत आल्यावर, विटाळ झाला म्हणून स्नान करूनच भोजनगृहात प्रवेश करावा, असे त्यांना सांगण्यात आले. भाऊरावांनी ठाम नकार दिला आणि त्यांना बोर्डिंग सोडावे लागले. शाहू महाराजांनी या तरुणाला आश्रय दिला आणि महाराजांच्या सहवासाचा व विचारांचा खोल ठसा त्यांच्या मनावर उमटला.

त्या काळाच्या रूढी लक्षात घेता बोर्डिंगच्या व्यवस्थापनाने जे केले, ते तेव्हाच्या बहुतेक वसतिगृहांत झाले असते. म्हणून आज कोणाला दोष देण्याचे प्रयोजन नाही. तथापि या घटनेकडे डोळेझाकही करता येत नाही. ज्या समाजाने आपल्या मुलांच्या शिक्षणासाठी कळकळीने वसतिगृह काढले, त्याच समाजाच्या वसतिगृहातून पुढे लक्षावधी मुलांना शिकविणारा माणूस बाहेर पडला, आणि तोही एका स्नानाच्या प्रश्नावरून. पुढे भाऊरावांनी जेव्हा स्वतःचे वसतिगृह उभारले, तेव्हा त्याचा पहिला नियमच असा ठेवला की तेथे जातीवरून कोणाचे ताट वेगळे मांडले जाणार नाही.

त्यांच्या स्वभावातील हा निग्रह आणखी एका प्रसंगात दिसून आला. १९१४ मध्ये कोल्हापुरात पुतळ्याला डांबर फासल्याचे प्रकरण घडले. त्यात जैन समाजातील विद्वान कार्यकर्ते अण्णासाहेब लठ्ठे यांना गोवण्याचा प्रयत्न झाला. लठ्ठे यांच्याविरुद्ध खोटी साक्ष द्यावी म्हणून भाऊरावांवर दडपण आणण्यात आले. त्यांनी छळ व कारावास सोसला. जीव देण्याचाही प्रयत्न केला. परंतु खोटी साक्ष दिली नाही. हेच लठ्ठे पुढे १९३७ च्या मंत्रिमंडळात मुंबई प्रांताचे अर्थमंत्री झाले. सत्य हे व्रत पाठ म्हणण्यासाठी नसून प्राणांतिक प्रसंगी पाळण्यासाठी असते, याचे याहून ठळक उदाहरण शोधावे लागणार नाही.

नांगराबरोबर पाहिलेली खेडी

पोटापाण्यासाठी भाऊरावांनी अनेक उद्योग केले. साताऱ्यात त्यांनी विद्यार्थ्यांच्या शिकवण्या घेतल्या व 'पाटील मास्तर' म्हणून ते ओळखले जाऊ लागले. त्यानंतर किर्लोस्करांच्या लोखंडी नांगरांचा प्रसार व विक्री करण्याचे काम त्यांनी केले. नांगर विकणाऱ्याला पेढीवर बसून चालत नाही. त्याला बांधावर जावे लागते, शेतकऱ्याशी त्याच्या भाषेत बोलावे लागते, त्याची जमीन, बैल व कर्ज समजून घ्यावे लागते. या फिरतीत भाऊरावांना गावोगावचे दारिद्र्य, सावकारी व निरक्षरता यांचे जवळून दर्शन घडले. ज्याला वाचता येत नाही, तो ज्या कागदावर अंगठा उठवतो त्यात काय लिहिले आहे हे त्याला ठाऊक नसते. लोखंडी नांगराने जमीन खोल नांगरली जाईल, पण अज्ञान नांगरून काढायचे तर शाळाच हवी, या निश्चयाने पुढे त्यांनी व्यापार-उद्योग सोडला.

तत्पूर्वीच, १९१० च्या सुमारास, मिरज तालुक्यातील दूधगाव येथे काही सहकाऱ्यांसमवेत त्यांनी विद्यार्थ्यांसाठी आश्रम सुरू करण्यात पुढाकार घेतला होता. रयत शिक्षण संस्थेची ती पूर्वतयारीच म्हणता येईल.

काले येथील संकल्प

१९१९ मध्ये कराड तालुक्यातील काले या गावी सत्यशोधक समाजाच्या परिषदेत बहुजनांच्या शिक्षणासाठी संस्था काढण्याचा विचार पक्का झाला आणि ४ ऑक्टोबर १९१९ रोजी विजयादशमीच्या मुहूर्तावर रयत शिक्षण संस्थेची स्थापना झाली. संस्थेचा जन्म मुंबई-पुण्यात न होता एका खेड्यात झाला, आणि तिच्या नावात संस्थापकाचे, दात्याचे किंवा जातीचे नाव न येता 'रयत' हा शब्द आला, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. जो जमीन कसतो व सारा भरतो तो रयत. शाळा त्याची, हे नावातच सांगून टाकले.

संस्थेची उद्दिष्टेही तशीच स्पष्ट होती. मागासलेल्या वर्गांत शिक्षणाची गोडी निर्माण करणे, त्यांतील गरीब मुलांना शक्य तितके मोफत शिक्षण देणे, निरनिराळ्या जातिधर्मांच्या मुलांत परस्परप्रेम वाढवणे, अयोग्य रूढींना फाटा देणे आणि काटकसर, स्वावलंबन व शील यांचे वळण लावणे, असा त्यांचा आशय होता. यांत परीक्षेतील गुण किंवा नोकरी यांचा उल्लेख नाही. ती फळे पुढे आपोआप आली. पण झाड लावताना हेतू माणूस घडविण्याचा होता.

योगायोग असा की, त्याच सुमारास १९१८ मध्ये विदर्भात कारंजा येथे महावीर ब्रह्मचर्याश्रम या जैन गुरुकुलाची स्थापना झाली होती. त्याचे संस्थापक पुढे समंतभद्र महाराज म्हणून पूज्य झाले आणि त्यांच्याच प्रेरणेने १९३४ मध्ये भाऊरावांच्या जन्मगावाजवळ बाहुबली येथे ब्रह्मचर्याश्रम उभा राहिला. एक प्रवाह समाजातील मुलांना धर्मसंस्कारांसह आधुनिक शिक्षण देणारा, तर दुसरा सर्व जातींच्या मुलांना एकत्र आणणारा. दोहोंचा मार्ग भिन्न असला तरी साधी राहणी, श्रम, शिस्त व शील यांवरील निष्ठा समान होती.

शाहू बोर्डिंग : एका पंगतीची शाळा

१९२४ मध्ये संस्थेचे मुख्य कार्यालय साताऱ्यास आले आणि तेथे सर्व जातिधर्मांच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह सुरू झाले. तोपर्यंतची वसतिगृहे बहुधा एकेका समाजाची होती. मराठा, जैन, लिंगायत, मुस्लिम, अस्पृश्य यांची सोय वेगवेगळी असे. ती व्यवस्थाही त्या काळी उपकारकच होती. भाऊरावांनी मात्र शाहू महाराजांच्याच कार्याचे पुढचे पाऊल टाकले. त्यांच्या वसतिगृहात सर्व जातींची मुले एका छपराखाली राहत, एकत्र स्वयंपाक करीत, एका पंगतीत जेवत आणि पाळीपाळीने भांडी घासत.

२५ फेब्रुवारी १९२७ रोजी महात्मा गांधींनी या वसतिगृहास भेट दिली आणि त्यांच्या हस्ते त्याचे 'छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस' असे नामकरण झाले. गांधीजींच्या विचारांनी भारावून भाऊरावांनी खादीचे व्रत घेतलेलेच होते. सहभोजनाचे व्याख्यान देणे सोपे असते. रोज दोन वेळा, वर्षानुवर्षे, विविध जातींच्या मुलांना एकत्र जेवू घालणे आणि त्यासाठी गावोगावच्या पालकांचा रोष व शंका सोसणे हे कठीण. शाहू बोर्डिंगमध्ये समता हा विषय शिकविला जात नव्हता; ती तेथील दिनचर्या होती.

या कुटुंबाची माता म्हणजे भाऊरावांच्या पत्नी सौ. लक्ष्मीबाई. कुंभोजच्या पाटील घराण्यातील या कन्येचे बालपण सोवळ्या-ओवळ्याच्या वातावरणात गेले होते. तरीही पतीने घरी आणलेल्या प्रत्येक जातीच्या मुलाला त्यांनी पोटच्या मुलाप्रमाणे वाढवले. बोर्डिंगमध्ये धान्य संपले की त्यांचे अंगावरचे दागिने एकेक करून गेले आणि अखेर सौभाग्यचिन्ह असलेले मंगळसूत्रही मुलांच्या जेवणासाठी त्यांनी काढून दिले. १९३० मध्ये त्यांचे निधन झाले. संस्थेचा पुढील विस्तार पाहण्याचे त्यांच्या नशिबी नव्हते. भाऊरावांच्या कार्याचा जमाखर्च मांडताना पहिली जमा लक्ष्मीबाईंच्या नावे टाकावी लागते.

कमवा आणि शिका : स्वाभिमानाचा हिशेब

'स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद' हे संस्थेचे बोधवाक्य. १९४० मध्ये साताऱ्यात 'महाराजा सयाजीराव' यांच्या नावाने मोफत व निवासी माध्यमिक विद्यालय सुरू झाले. विद्यार्थ्याने शारीरिक श्रम करावेत, त्या श्रमांतून राहण्या-जेवण्याचा खर्च भागवावा आणि शिक्षण विनाशुल्क घ्यावे, ही तेथील पद्धत. शेतीची कामे, बागकाम, बांधकाम, दगड-माती वाहणे, स्वयंपाक, साफसफाई ही कामे मुलांनी करायची. संस्थेच्या कित्येक इमारतींच्या पायाभरणीत विद्यार्थ्यांच्याच हातांचे श्रम आहेत.

या योजनेकडे केवळ काटकसरीचा उपाय म्हणून पाहिले, तर तिचा अर्धा अर्थ निसटतो. व्यवहार जाणणाऱ्या माणसाला ठाऊक असते की, फुकट मिळालेल्या वस्तूपेक्षा मोल देऊन घेतलेल्या वस्तूची किंमत घेणाऱ्याला अधिक वाटते. पण यात त्याहून महत्त्वाची एक बाब आहे. दान घेणाऱ्या मुलाची मान, नकळत का होईना, दात्यापुढे झुकते. वसतिगृहातील एका मुलाला मदतीवर व दुसऱ्याला बापाच्या पैशावर शिकवले, तर दोघांत एक अदृश्य भिंत उभी राहते. भाऊरावांनी ती भिंत उभी राहूच दिली नाही. सर्वांनीच फावडे हाती घेतले, की गरीब कोण आणि सधन कोण हे ओळखू येत नाही. आपण कोणाच्या उपकारावर नव्हे, तर आपल्या कष्टावर शिकलो, ही जाणीव घेऊन मुलगा शाळेबाहेर पडतो. हाताने काम करणे हलके आणि बसून लिहिणे श्रेष्ठ, ही शिकलेल्या माणसाच्या मनातील अढीही त्याच वेळी निघून जाते.

शाहू बोर्डिंगच्या विद्यार्थ्यांपैकी पी. जी. पाटील हे पुढे इंग्लंडला जाऊन बॅरिस्टर झाले व शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले. सर्व विद्यार्थी इतक्या उंचीवर पोचले नाहीत आणि तशी अपेक्षाही नव्हती. कोणी प्राथमिक शिक्षक झाले, कोणी तलाठी, कोणी सहकारी सोसायटीचे सचिव, तर कोणी शिकून पुन्हा शेतीकडे वळले. गावाच्या दृष्टीने हे सर्वच मोलाचे होते. कर्जाचा कागद वाचू शकणारा एक माणूस गावात असला, तरी सावकाराच्या वहीतील आकडे आपोआप सरळ होतात.

शिक्षकापासून आरंभ

गावोगावी शाळा काढायच्या तर खेड्यात आनंदाने राहणारा शिक्षक हवा. शहरी शिक्षक खेड्यात टिकत नाही, हा अनुभव तेव्हाही होता. म्हणून भाऊरावांनी १९३५ मध्ये साताऱ्यात शिक्षकांसाठी 'सिल्व्हर ज्युबिली रूरल ट्रेनिंग कॉलेज' सुरू केले. हेच पुढे महात्मा फुले यांच्या नावाने ओळखले जाऊ लागले. स्त्रीशिक्षिकांच्या प्रशिक्षणासाठी जिजामाता अध्यापिका विद्यालय निघाले. इमारत आधी की शिक्षक आधी, या प्रश्नाचे भाऊरावांचे उत्तर निःसंदिग्ध होते. देवळाच्या ओवरीत, चावडीत किंवा झाडाखालीही शाळा भरते. शिक्षकावाचून ती भरत नाही.

१९३७ मध्ये मुंबई प्रांतात लोकनियुक्त मंत्रिमंडळ आल्यावर ज्या गावी शाळा नाही तेथे स्वयंसेवी संस्थांनी शाळा काढाव्यात, असे धोरण पुढे आले. या संधीचा रयत शिक्षण संस्थेने पुरेपूर लाभ घेतला आणि डोंगरकपारीतील लहान लहान वस्त्यांपर्यंत पाचशेहून अधिक प्राथमिक शाळा सुरू केल्या. कालांतराने त्या शासकीय यंत्रणेकडे सोपविण्यात आल्या. स्वतः उभ्या केलेल्या शेकडो शाळा दुसऱ्याच्या हाती देताना संस्थेला त्यांचा मोह पडला नाही. गावाला शाळा मिळाली, हेतू पूर्ण झाला. अपरिग्रहाचा अर्थ वैयक्तिक संपत्तीपुरताच घेण्याची आपल्याला सवय आहे. परंतु संस्थांनाही तो लागू होतो, हे येथे दिसते.

स्वातंत्र्याच्या वर्षी, १९४७ मध्ये साताऱ्यात छत्रपती शिवाजी महाविद्यालय सुरू झाले. 'कमवा आणि शिका' ही योजना तेथे महाविद्यालयीन पातळीवर राबविण्यात आली. १९५४ मध्ये कराड येथे सद्गुरू गाडगे महाराज महाविद्यालय निघाले. त्या नावामागे कृतज्ञतेचा एक इतिहास आहे.

अनुदानाची कसोटी

जानेवारी १९४८ मध्ये महात्मा गांधींची हत्या झाली. त्यानंतर महाराष्ट्रात, विशेषतः सातारा भागात, जाळपोळीचे दुर्दैवी प्रकार घडले. त्या संदर्भात भाऊरावांनी जाहीर भाषणातून शासनाच्या धोरणावर टीका केली. परिणामी शासनाने संस्थेचे अनुदान बंद केले. शेकडो शिक्षकांचे पगार व हजारो मुलांचे शिक्षण त्या अनुदानावर अवलंबून होते. भाऊराव डगमगले नाहीत. ते पुन्हा लोकांकडे गेले आणि ज्या रयतेच्या नावाने संस्था निघाली होती, तिने आपल्या परीने संस्थेस हात दिला. अखेर गाडगे महाराजांनी मुख्यमंत्री बाळासाहेब खेर यांच्याकडे शब्द टाकला आणि अनुदान पूर्ववत झाले.

ज्या वर्षी हे संकट ओढवले, त्याच काळात गांधीजींच्या स्मृतिप्रीत्यर्थ १०१ विद्यालये उभारण्याचा संकल्प भाऊरावांनी सोडला. तिजोरी रिकामी असताना एवढा संकल्प सोडणे हे व्यापारी बुद्धीला धाडसाचे वाटेल. परंतु भाऊरावांच्या खतावणीत लोकांचा विश्वास ही जमेची बाजू होती आणि ती कधीच आटली नाही. कोणत्याही धर्मादाय संस्थेने यातून एक व्यावहारिक धडा घ्यावा. एकाच दात्यावर वा एकाच अनुदानावर अवलंबून असलेली संस्था त्याच्या मर्जीवर जगते. पुष्कळांच्या थोड्या थोड्या वर्गणीवर उभी असलेली संस्था निर्भयपणे सत्य बोलू शकते.

१९५९ मध्ये भारत सरकारने भाऊरावांना 'पद्मभूषण' देऊन गौरविले आणि ५ एप्रिल १९५९ रोजी पुणे विद्यापीठाने त्यांना 'डी. लिट.' ही सन्माननीय पदवी दिली. स्वतः मॅट्रिकही न झालेल्या या शिक्षणमहर्षीचे ९ मे १९५९ रोजी देहावसान झाले. तोवर संस्थेची शंभराहून अधिक माध्यमिक विद्यालये, ३८ वसतिगृहे व ३ महाविद्यालये उभी राहिली होती.

वटवृक्षाचा विस्तार आणि आजचे प्रश्न

२०१९ मध्ये रयत शिक्षण संस्थेने शंभर वर्षे पूर्ण केली. आज तिच्या सातशेहून अधिक शाखा महाराष्ट्र व कर्नाटकात कार्यरत आहेत. २०२१ मध्ये साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठ अस्तित्वात आले. एका खेड्यातील सभेत झालेल्या संकल्पाची मजल विद्यापीठापर्यंत गेली.

तथापि केवळ विस्तारावर समाधान मानणे भाऊरावांनाही रुचले नसते. शिक्षणाचा हक्क देणारा कायदा २००९ मध्ये संमत होऊन १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. शाळा गावात पोचली, गणवेश व पुस्तके आली, दुपारचे भोजनही आले. पण परिस्थिती असलेले पालक मुलांना शहरातील इंग्रजी माध्यमाच्या शाळेत धाडू लागले आणि गावच्या मराठी शाळेत बहुतांशी ज्यांना दुसरा पर्याय नाही त्यांचीच मुले राहू लागली. एकेकाळी जातीवरून पंगती वेगळ्या होत्या, आता शुल्कावरून शाळा वेगळ्या होत आहेत. पाटलाचा व मजुराचा मुलगा एका बाकावर बसणे, ही ग्रामीण शाळेची खरी पुण्याई होती. ती कमी होत चालली आहे. ज्यांचे गावात वजन असते, त्यांची मुले त्या शाळेत नसली, की गळके छप्पर व रिकामे शिक्षकपद यांकडे लक्ष देणारा कोणी उरत नाही.

समाजापुढील प्रश्न

जैन परंपरेत श्रावकासाठी आहारदान, औषधदान, ज्ञानदान व अभयदान ही चार दाने सांगितली आहेत. भाऊरावांच्या वसतिगृहात यांपैकी किमान तीन दाने एकत्र घडली. भुकेल्यास अन्न मिळाले, अज्ञास विद्या मिळाली आणि ज्याला पिढ्यान्पिढ्या भीतीने दूर उभे राहावे लागले होते, त्याला निर्भयपणे पंगतीत बसता आले. हे तिसरे दान बहुधा सर्वांत मोठे होते.

२०१४ मध्ये केंद्र शासनाने जैन समाजास राष्ट्रीय पातळीवर अल्पसंख्याक म्हणून मान्यता दिली. भारतीय राज्यघटनेच्या ३० व्या कलमाने अल्पसंख्य समाजांना आपल्या शिक्षणसंस्था स्थापन करण्याचा व चालविण्याचा अधिकार दिला आहे. हा अधिकार मोलाचा आहे. समाजातील गरजू मुलांसाठी, धर्म व भाषा यांच्या जतनासाठी त्याचा उपयोग व्हायलाच हवा. समाजात आजही असे अनेक जैन शेतकरी, शेतमजूर व लहान दुकानदार आहेत की ज्यांच्या मुलांचे शिक्षण पैशावाचून अडते. जैन म्हणजे श्रीमंत, या लोकसमजुतीने त्यांच्याकडे दुर्लक्ष होते. त्यांच्याकडे प्रथम लक्ष देणे हे विश्वस्तांचे कर्तव्यच आहे.

परंतु अधिकाराने दार उघडता येते, तसे ते बंदही करता येते. समाजाच्या शाळेच्या दारात कोण उभा आहे, हे पाहून दार किती उघडायचे ते ठरविण्याचा मोह प्रत्येक पिढीला होतो. १९०८ मध्ये कोल्हापूरच्या वसतिगृहात प्रश्न स्नानाचा होता. आज तो प्रवेश-अर्जातील एखाद्या रकान्याचा असेल, देणगीच्या रकमेचा असेल किंवा मुलाच्या घरी काय शिजते याचा असेल. प्रश्नाचे रूप बदलले, पण कसोटी तीच आहे. संस्थेच्या भोजनगृहात शुद्ध शाकाहार असावा, तेथील शिस्त अहिंसेला धरून असावी, हा आग्रह योग्यच. तथापि तो आग्रह पाळण्यास तयार असलेल्या कोणत्याही मुलाला केवळ त्याच्या जन्मावरून बाहेर उभे करणे, हे महावीरांच्या समवसरणाची परंपरा सांगणाऱ्या समाजाला शोभणारे नाही. त्या सभेत तर पशुपक्ष्यांनाही स्थान होते.

विश्वस्त संस्थांनी सुवर्णमहोत्सव साजरे करताना बांधलेल्या इमारती, जमा झालेला निधी व वाटलेल्या शिष्यवृत्त्या यांची यादी द्यावी, त्यात गैर काही नाही. हिशेब चोख असणे हाही एक धर्मच आहे. मात्र त्या यादीत आणखी एक रकाना असावा. आपल्या मदतीने शिकलेला मुलगा मान खाली घालून बाहेर पडला की ताठ मानेने, याची नोंद त्यात व्हावी. गाव तेथे शाळा निघाली, आता त्या शाळेत पुन्हा सर्वांची मुले एकत्र बसावीत, यासाठी समाजातील दात्यांनी जवळच्या एखाद्या ग्रामीण विद्यालयाचा ग्रंथसंग्रह, प्रयोगशाळा किंवा मुलींचे वसतिगृह यांचा भार उचलला, तर ते ज्ञानदान अनेक पिढ्या फळ देत राहील. कुंभोजच्या एका शेतकरी जैन कुटुंबातील मुलाने हाती काही नसताना जे करून दाखविले, त्याचा शतांश तरी आज हाती पुष्कळ काही असलेल्या समाजाकडून घडावा, हीच कर्मवीरांच्या स्मृतीस खरी आदरांजली ठरेल.